जेसीबी बोलावण्याआधी त्या पायऱ्या मोजा

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि नाव-गाव काढून: चाळिशी ओलांडलेले एक वाचक लिहितात की वडिलांनी ३० वर्षांपूर्वी एका तलावाच्या काठावर एकरभर जागा घेतली आणि तिथं दोन खोल्यांचं घर बांधलं. लहानपणी दर सुट्टी तिथंच जायची. मग आजीचं आजारपण, नोकऱ्या, बदल्या, आणि गेली १४ वर्षं तिकडे कोणी फिरकलंच नाही. आता जाऊन बघितलं तर घरापासून पाण्यापर्यंत नुसतं रान माजलंय, शेडचे पत्रे फुटलेत, काठाला पाण्यावर हिरवा थर आलाय, आणि पाण्यात उतरायच्या नऊ पायऱ्यांपैकी पाचच दिसतात. वडील ७४ वर्षांचे, काठी घेऊन चालतात, नातवंडांना घेऊन एकदा तिथं बसायचंय म्हणतात. धाकटा भाऊ म्हणतो दोन दिवस जेसीबी लावू, सगळं सपाट करू, पाण्याच्या कडेला सरळ काँक्रीटची भिंत, आत लॉन, विषय संपला. बायको म्हणते सहा आणि नऊ वर्षांची मुलं घेऊन मी पाण्याकाठी राहणार नाही. बहीण म्हणते विकून टाका. पुढच्या सुट्टीपर्यंत हातात चार महिने आहेत, पैसे बेताचे. विचारतात की सुरुवात कुठून करू, भिंत बांधू का, आणि मुळात हा खर्च करणं बरोबर आहे का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या पायऱ्यांपाशी अडले. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. नवाच्या पाच झाल्या म्हणजे काय झालं? एकतर पाणी वर चढलंय, नाहीतर गाळ चढलाय, नाहीतर काठच खचून पायऱ्यांवर आलाय. तिन्हीचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि यातलं नेमकं काय झालंय हे माहीत नसताना भिंत बांधणं म्हणजे ताप कशाचा आहे ते न बघता गोळी घेणं.

हे तपासायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. एक लांब सरळ बांबू किंवा पाइप घ्या, त्याच्यावर वीतभर अंतरावर रंगाने खुणा करा. सगळ्यात खालच्या दिसणाऱ्या पायरीवर उभं राहून (एकट्याने नाही, मागे कोणीतरी हात धरून उभं पाहिजे) तो पाण्यात सरळ सोडा. जिथं मऊ काहीतरी लागेल तिथं थांबा, खूण बघा. मग जोर देऊन दाबा, खाली कडक लागेपर्यंत. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा गाळ. मऊ काही लागलंच नाही आणि सरळ दगडावर टक्क वाजलं तर पायऱ्या शाबूत आहेत, फक्त पाण्याखाली आहेत. मग चार महिने, दर पंधरा दिवसांनी, पाणी कुठल्या पायरीला लागतंय ते तारीख घालून लिहून ठेवा. कंटाळवाणं वाटेल, पण तलाव वर्षभर एका जागी नसतो, आणि एका सुट्टीत दिसलेल्या कडेला कायमची कड समजून बांधकाम करणारे लोक मी बरेच बघितलेत, त्यांची फरशी पुढच्या वर्षी पाण्याखाली होती.

आता जेसीबी. तुमच्या भावावर रागावू नका, त्याला हे लवकर व्हावंसं वाटतंय कारण वडिलांचं वय त्यालाही दिसतंय. पण तुमच्या दोघांच्याही मनात एक गोष्ट पक्की बसलीय की ते रान म्हणजे शत्रू आहे, ते गेलं की जागा आपली झाली. मी स्वतः या चुकीतून गेलेय म्हणून कळकळीने सांगते. आमच्या घरातली काठावरची एक जागा अशीच एका आठवड्यात 'साफ' केली होती, झुडपं मुळासकट उपटली, पाण्यापर्यंत माती अशी गुळगुळीत की पाहुणे येऊन वा वा करून गेले. पहिला मोठा पाऊस आला त्या रात्री मी खिडकीतून टॉर्च मारून बघत होते आणि माती चहासारखी वाहत पाण्यात चालली होती. सकाळी काठ हातभर आत आला होता. ती झुडपं काय करत होती हे ती गेल्यावर कळलं. पुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात हे आपण शाळेपासून ऐकतो, पण ती लव्हाळी नुसती स्वतः वाचत नाहीत, मुळांनी काठही धरून ठेवतात. तुमच्या काठावरचं गवत, पाणकणीस, ती वेडीवाकडी झुडपं, ही सगळी १४ वर्षं कोणी पगार न देता तुमची जमीन सांभाळत होती.

आणि त्या हिरव्या थराचा याच्याशी थेट संबंध आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये काही तलाव फक्त प्रयोगांसाठी राखून ठेवलेले आहेत. १९७३ साली तलावांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या २२६ नंबरच्या तलावाच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावला, एका बाजूला नायट्रोजन आणि कार्बन घातला, दुसऱ्या बाजूला तेच घालून वर फॉस्फरस. फॉस्फरसवाली बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी झाली नाही. एकच तलाव, मध्ये फक्त पडदा. हा फॉस्फरस काठावरून कसा येतो तर वाहून आलेल्या मातीला चिकटून, लॉनला घातलेल्या खतातून, संडासाच्या गळक्या टाकीतून, आणि काठावर पालापाचोळा जाळला तर त्या राखेतूनसुद्धा. म्हणजे भावाच्या प्लॅनमध्ये उघडी माती, लॉन, खत आणि बहुतेक एक मोठी शेकोटी, सगळं आहे. पाणी स्वच्छ दिसावं म्हणून काठ मोकळा करायचा आणि काठ मोकळा केला म्हणूनच पाणी हिरवं व्हायचं, असं ते चक्र आहे.

तो थर नक्की कसला आहे ते पण बघून घ्या. हातमोजे घालून एक काठी त्यात फिरवा आणि वर उचला. केसांसारख्या लांब जटा काठीला लोंबल्या तर ते साधं धाग्यांचं शेवाळ, दिसायला घाण पण सहसा निरुपद्रवी. टिकलीएवढी सुटी पानं आणि त्याला खाली बारीक मुळं दिसली तर ती तरंगणारी वनस्पती. पण काठीवरून ते ऑइलपेंट सांडल्यासारखं ओघळलं, तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं आणि त्यातल्या काही जाती विष तयार करतात, जे पाणी उकळूनही जात नाही. विषारी आहे की नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतून तपासून घेईपर्यंत मुलं आणि कुत्रा दोघांनाही त्या पाण्यापासून लांब ठेवा. आणि कोणी बाटलीतलं औषध टाकून एका दिवसात पाणी साफ करून देतो म्हणालं तर हात जोडा. ते शेवाळ एकदम मेलं की त्याच्या आतलं विष एकदम पाण्यात सुटतं, आणि ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरतात ते वेगळंच.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर तुम्हाला वाटेल हिरवं दिसेल ते सगळं ठेवा म्हणतेय. पाण्यावर फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची जलपर्णी असेल तर ती काढायलाच पाहिजे. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, सुंदर फुलांपायी माणसांनीच जगभर नेली, आणि मनासारखं हवामान मिळालं तर साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. फुलं यायच्या आधी हाताने ओढून काढा, पाण्यापासून लांब उंचावर वाळवा, काठावर ढीग ठेवू नका, कारण तुकडा परत पाण्यात गेला की झाली सुरू. बिया गाळात वर्षानुवर्षं टिकतात त्यामुळे एकदा काढून सुटका नाही, दरवर्षी बघावं लागतं.

मग भिंत. सरळ उभ्या भिंतीवर लाट आपटते, जिरत नाही, परत फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची माती काढून नेते, म्हणून अशा भिंती बऱ्याचदा खालून पोकळ होऊन पुढे कलतात. शेजाऱ्याच्या काठालाही त्याचा फटका बसतो. आणि बेडूक, कासवं यांना पाणी आणि जमीन यांमध्ये ये-जा करता येत नाही ती गोष्ट माझ्यासाठी छोटी नाही. घर अगदी काठाला टेकलेलं असेल आणि उतार खडा असेल तर भिंतीशिवाय पर्याय नसतो कधीकधी, तेव्हा इंजिनीअरला दाखवूनच करा. पण तुमच्या पत्रावरून घर पाण्यापासून चांगलं मागे दिसतंय. तिथं हलका उतार, खचलेल्या भागात वेगवेगळ्या आकाराचे दगड आणि त्यांच्या मधे तिथलीच झाडं लावणं, एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं आणि भिंतीपेक्षा खूप कमी पैशात होतं. कुठलंही काम पाण्याच्या कडेला करायच्या आधी जागेची मोजणी करून हद्द नक्की करा आणि परवानगीचं विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी कागदावर जागा आपली असली तरी पाण्यालगतचा पट्टा आपला नसतो, किंवा असला तरी तिथं झाड तोडायला आणि भराव टाकायला परवानगी लागते. १४ वर्षांत नियमही बदललेले असतील.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, सुरुवात कुठून. पहिल्या दिवशी काही तोडू नका. गमबूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात लांब काठी, आणि दोघंजण. काठीने पुढची जमीन ठोकत चाला, कारण इतक्या वर्षांत संडासाच्या टाकीचं झाकण कुजलेलं असतं, विहिरीचा कठडा पडलेला असतो आणि वर वेल चढल्यामुळे दिसत काहीच नाही. जे सापडेल तिथं लाल कापड बांधलेली काठी रोवा. जुन्या वायर समोर आल्या तर त्यात करंट नाही असं धरून चालू नका, आधी मेन बंद करून घ्या. शेडचे फुटलेले पत्रे सिमेंटचे असतील तर त्यांना हातोडा लावू नका, करवतीने कापू नका, जुन्या सिमेंट पत्र्यांत बऱ्याचदा अॅस्बेस्टॉस असतं आणि पत्रे फोडल्यावर त्याचे तंतू हवेत उडून छातीत जातात, ते काढणारी माहीतगार माणसं बोलवा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस तिथून होऊ शकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून बघा.

तोडायला लागाल तेव्हा घराच्या भिंतीपासून सुरू करून एकाच दिशेने बाहेर सरका. चारी बाजूंनी आत येत गेलात तर साप, मुंगूस, सगळे मधल्या तुकड्यात अडकतात आणि शेवटच्या दिवशी तुमच्या पायाशी निघतात. एका बाजूने गेलात तर त्यांना निघायला वाट राहते. जाळायचं तर अजिबात नाही. घराभोवती मोकळं करा, येण्याजाण्याचा रस्ता करा, आणि पाण्यालगतचा पट्टा, जमलं तर दहा मीटर, तसाच ठेवा. त्यातून पाण्याकडे जायला एकच वाट, ती पण नागमोडी, कारण सरळ उतरणारी पायवाट पावसात ओढा होते. आणि तलाव दिसायला पाहिजे ना? त्यासाठी झाड तोडावं लागत नाही, बसायच्या जागेवरून बघून खालच्या चार फांद्या छाटल्या की पानांच्या मधून पाण्याचा तुकडा दिसायला लागतो, मला तर उघड्या बोडक्या काठापेक्षा तो जास्त आवडतो.

संडासाची टाकी मात्र कोणी मुक्कामाला यायच्या आधी उपसून तपासून घ्या. पैसे बेताचे आहेत म्हणता तर लॉनचे सगळे पैसे इकडे वळवा. टाकी गळकी असेल तर बाकी काहीही करा, पाणी सुधारणार नाही.

तुमच्या बायकोबद्दल तुम्ही लिहिलंय की "ती उगाच घाबरते". उगाच नाही हो. बुडणारं मूल सिनेमात दाखवतात तसं ओरडत नाही, हात हलवून बोलवत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पाण्यावर येत नसतं तर ओरडणार कशाने, हात आपोआप बाजूला पाणी दाबत राहतात, आणि सगळं मिनिटाच्या आत शांतपणे होऊन जातं, दहा फुटांवर मोठी माणसं गप्पा मारत बसलेली असताना. त्यामुळे तिची भीती हा तुमच्या प्लॅनमधला अडथळा समजू नका, त्या भीतीलाच प्लॅनमध्ये जागा द्या. घर आणि पाणी यांच्या मधे कुंपण आणि मुलांच्या हाताला न लागणाऱ्या कडीचं फाटक. मापाचे लाइफ जॅकेट, हवेचे ट्यूब नाहीत, ती खेळणी आहेत. काठावर दोरी बांधलेली रिंग टांगलेली. त्याच बांबूने पाण्यात जायच्या जागेचा तळ चाचपून घ्या, कारण गुडघाभर पाण्यातून एका पावलात गळ्यापर्यंत असं बऱ्याच तलावांत असतं, आणि उडी कुणीच मारायची नाही, मोठ्यांनीही नाही. मुलं पाण्यात असताना एकाच माणसाची ड्युटी, हात लांबवला की मूल हाताला लागेल एवढ्या अंतरावर, हातात मोबाइल नाही, आणि ड्युटी बदलताना नाव घेऊन सांगायचं की आता तू बघतोयस. सगळेच बघत असले की कोणीच बघत नसतं. बाहेर दिवे किंवा पंप लावणार असाल तर ३० मिलिअँपिअरला ट्रिप होणारा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या. हे सगळं लिहून बायकोसमोर ठेवा आणि विचारा की अजून काय पाहिजे. मला वाटतं ती तुमच्यापेक्षा चांगली यादी करेल.

ताईंचं विकायचं म्हणणंही नीट ऐका. "फॅमिलीसाठी" हा शब्द तुमच्या पत्रात सात वेळा आलाय, पण फॅमिलीतल्या कोणाला तिथं काय करायचंय हे एकदाही नाही. मासे धरायचेत, पुस्तक वाचत पडायचंय, की फक्त वर्षातून दोन दिवस एकत्र यायचंय? तिघा भावंडांनी बसून प्रत्येकाने खरंखुरं सांगा की वर्षात किती दिवस येणार, आणि त्याहून महत्त्वाचं, गवत कापायला, टाकी उपसायला, जलपर्णी ओढायला किती दिवस येणार. जागा १४ वर्षं पडून राहिली ती कोणाचं प्रेम कमी होतं म्हणून नाही, दरवर्षीची ती कामं कोणाच्याच नावावर नव्हती म्हणून. आता ती नावावर टाका, कागदावर, खर्चाच्या वाट्यासकट. आणि कामं सांभाळायला कोणीच तयार नसेल तर ताई म्हणतात ते बरोबर आहे, आणि तसं ठरलं तर त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. मात्र हे ठरेपर्यंत न मोडता येणारं काही बांधू नका.

राहता राहिले बाबा, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय असं मला पत्र वाचून वाटलं. त्यांना भिंत नको, लॉन नको. त्यांना गाडीपासून बसायच्या जागेपर्यंत ठेच न लागता जाता यायला हवं, पायऱ्या नसलेला हलका उतार, एका बाजूला धरायला दांडा, मधे एकदा टेकायला जागा, आणि हाताला टेकू असलेला बाक, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसणं सोपं असतं, उठणं अवघड. एवढं चार महिन्यांत आणि बेताच्या पैशात आरामात होतं. त्या सुट्टीत मुक्काम केला नाही तरी चालेल, सकाळी जाऊन संध्याकाळी परत या.

आणि सगळ्यात आधी, आजच, त्यांना फोन करा किंवा शेजारी जाऊन बसा आणि विचारा की त्या नऊच्या नऊ पायऱ्या कुठल्या महिन्यात दिसायच्या, पाणी जास्तीत जास्त कुठपर्यंत आल्याचं त्यांना आठवतं, टाकी नेमकी कुठं खणली होती, विहीर होती का. त्या तलावाची ३० वर्षांपूर्वीची नोंद कुठल्याच कागदावर नसेल, त्यांच्या डोक्यात आहे. घराभोवती थोडं मोकळं झालं की त्यांना एकदा घेऊन जा, एक साधी हलकी खुर्ची बरोबर न्या, तीन-चार जागी ठेवून प्रत्येक ठिकाणी त्यांना थोडा वेळ बसू द्या. वारा कुठून येतो, ऊन डोळ्यावर कधी येतं, पाणी कुठून दिसतं ते तेच सांगतील. जिथून ते उठायला तयार होणार नाहीत तिथं चुन्याने खूण करा, बाक तिथं बसवायचा.